केणीबाईंचं ‘असावं’

पालघरला मी लॅब टाकली तेव्हा गावातल्या डॉक्टर मंडळींनी माझं स्वागत केलं ते सावधगिरीची सूचना देऊन. "बाकी सगळं ठीक आहे हो," ते म्हणाले, "फक्त केणीबाईंना जरा सांभाळा."

सांभाळायचं म्हणजे काय ते लवकरच कळलं. एका दुपारी एक उंच, सडसडीत बाई हातात थर्मास घेऊन लॅबमध्ये शिरल्या. मला वाटलं चहा आणला आहे. शेजारधर्म म्हणून मी दोन कप पुढे ओढले. बाईंनी थर्मासचं झाकण फिरवलं आणि आतून कापसात गुंडाळलेली रक्ताची नळी काढली.

"लॅबवाले, यात एक पेशी आहे. ती शोधायची."

डॉक्टर सुलोचना केणींशी माझी ओळख झाली ती अशी. त्यांनी मला शेवटपर्यंत नावानं हाक मारली नाही. मी लॅबवाला तो लॅबवालाच राहिलो.

त्यांना हवी असलेली पेशी मी शिकत असताना एकदाच पाहिली होती, तीही दुसऱ्याच्या सूक्ष्मदर्शकात मान घालून. रक्त गोठू द्यायचं, ती गाठ कुस्करायची, अंगाच्या उबेइतक्या उबेत ठेवायची, मग काचेवर पसरून डोळे फुटेस्तोवर बघत बसायचं. एका पांढऱ्या पेशीनं दुसरीचा गाभा अख्खा गिळलेला असतो आणि ती पोट फुगलेल्या बेडकासारखी दिसते. शरीराची रोगाशी लढणारी ताकद शरीरावरच उलटते, त्या ल्यूपस नावाच्या आजारात ती सापडते. म्हणजे सापडली तर सापडते. न सापडली म्हणून आजार नाही, असंही म्हणता येत नाही. असल्या बेभरवशाच्या तपासणीसाठी लॅबवाल्याचे डोळे जातात आणि हाती काही लागत नाही, म्हणून तालुक्यात कोणी ती मागतच नसे. बाई मागत. आज दिसली नाही तर "बरं" म्हणून उद्या पुन्हा थर्मास घेऊन हजर.

शेवटी एकदाची ती मला दिसली. मी धावत जाऊन बाईंना बोलावून आणलं. त्यांनी भिंगाला डोळा लावला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "असावी."

माझं डोकं फिरलं. "असावी काय? आहे!"

"बरं, पेशी आहे. त्या पोरीला आजार मात्र असावा." आणि थर्मास बंद करून निघून गेल्या.

हे ‘असावं’ बाईंच्या तोंडात कायम असे. पेशंट वैतागत. पैसे देऊन डॉक्टरकडे जायचं आणि त्यानं ‘असावं’ म्हणायचं, हे कोणाला रुचेल? समोरच्या गल्लीतले एक डॉक्टर पेशंट दारात दिसताच आजाराचं नाव सांगून मोकळे होत. त्यांच्याकडे रीघ असे. बाईंकडे यायचे ते सगळीकडे फिरून दमलेले लोक. एकाकडे सांधेदुखीची गोळी, दुसऱ्याकडे चेहऱ्याला मलम, तिसऱ्याकडे छातीत पाणी झालं म्हणून क्षयाचं औषध, आणि माणूस तसाच कण्हत. बाई म्हणत, "सांधे एक जण बघतो, कातडी एक जण बघतो, छाती एक जण. सगळे आपापल्या जागी बरोबर असतात हो. पण हा आजार एकाच माणसात हिंडतोय, हे त्या माणसाशिवाय कोणालाच माहीत नसतं." आजार कसला, असं कोणी विचारलं तर त्यांचं ठरलेलं उत्तर होतं: "घरचे राखणदारच घर लुटायला लागलेत."

त्यांची तपासायची पद्धतही जगावेगळी होती. काय होतंय, हा प्रश्न त्या विचारतच नसत. विचारत, "काल सकाळी उठल्यापासून काय काय केलंत?" मग पेशंट सांगायला लागे. कळशी उचलली, पोळ्या लाटल्या, एसटीत चढले. बाई मध्येच थांबवत. "चढलात? का कोणी हात दिला?" बोईसरच्या कारखान्यातला एक उत्तरेकडचा कामगार त्यांच्याकडे आला होता. दंड उचलत नाहीत, मांड्यांत जोर नाही, पापण्या जांभळ्या. कारखान्यात त्याला कामचुकार ठरवलं होतं आणि तो स्वतः गॅसला दोष देत होता. "मैडम, केमिकल चढ़ गया है।" बाईंनी त्याला जमिनीवर बसवलं आणि हात न टेकता उठायला सांगितलं. तो उठेना. बाई स्वतः त्याच्या शेजारी मांडी घालून बसल्या आणि साडी सावरत हात न टेकता उठून दाखवलं. "अब आप." त्यानं पुन्हा जोर लावला, पण बसला तो बसलाच, आणि मग रडायला लागला. आपण आळशी नाही, याचा पहिला पुरावा त्याला तिथं मिळाला होता. स्नायूंचा दाह असावा, असं बाईंनी लिहून त्याला मुंबईला धाडलं. तो बरा होऊन परत कामावर लागला आणि दर दिवाळीला पेढे घेऊन येऊ लागला. बाई पेढा बाजूला ठेवून आधी त्याला जमिनीवर बसवत.

मुरब्याची एक मासळीवाली बोटं दुखतात म्हणून आली. बर्फात पापलेट भरायचं काम. बोटं आधी पांढरी, मग निळी पडत. "बर्फात हात घातल्यावं सगल्यांचेच होतात, बाय," असं ती स्वतःच म्हणाली, आणि आधीच्या डॉक्टरांनीही तेच सांगून तिला परत पाठवलं होतं. त्या किनाऱ्यावर निळे हात म्हणजे धंद्याची खूण, आजाराची नव्हे. बाईंनी बर्फाची बादली मागवली. तिचा हात घातला, तिच्याबरोबर आलेल्या जावेचा घातला आणि स्वतःचाही घातला. तिघींनी हात बाहेर काढून टेबलावर ठेवले आणि बघत बसल्या. जावेचा हात लाल झाला, बाईंचा झाला. तिसरा पांढराफटक तो तसाच. बादली पुढे दवाखान्यात कायमची राहिली. लोक त्यांना बर्फवाल्या बाई म्हणायला लागले, तेही त्यांना चालत असे.

चारचौघांत मात्र त्या जीव नकोसा करीत. चिंचणीला एका लग्नात पंगत बसली होती. समोरच्या ओळीत नवरीची मावशी लाडू कुस्करून चिमूटचिमूट खात होती. बाईंचं जेवण तिथंच थांबलं. उठल्या, पंगत ओलांडून गेल्या आणि मावशीला म्हणाल्या, "आ करा बघू." मावशी गोरीमोरी झाली. यजमान धावले. मी पानात मान घातली. मावशीचं तोंड दोन बोटांपलीकडे उघडत नव्हतं, ओठांभोवतीची कातडी ताणून शिवल्यासारखी झाली होती. घरात हे सगळ्यांना माहीत होतं, पण त्याचं खापर त्यांनी दातांवर फोडलं होतं. बाईंना त्या घरातून पुन्हा कधी आमंत्रण आलं नाही. मावशी मात्र पुढच्या आठवड्यात दवाखान्यात आली.

इतकी नजर असलेल्या बाईनं इतकं जपून का बोलावं, हे मी एकदा विचारलंच. त्यांनी सरळ सांगितलं. धंद्याच्या सुरुवातीला डोंगरातला एक शेतकरी आला होता. सांधे सुजलेले, अंगावर चट्टे, ताप. बाईंनी ल्यूपस आहे म्हणून छातीठोकपणे सांगितलं आणि स्टेरॉईड सुरू केलं. निघाला कुष्ठरोग. तो कळेपर्यंत त्याच्या हाताच्या नसा गेल्या होत्या. "त्याची बोटं वाकडी आहेत ती माझ्यामुळे," त्या म्हणाल्या. "मी ‘आहे’ म्हटलं आणि शोधायचं थांबवलं." हे त्या लपवीत नसत. डॉक्टरांच्या बैठकीतही सांगत, आणि ते ऐकताना बाकीचे छताकडे बघत.

आता प्रमिलाची गोष्ट. बाई कोण होत्या, हे मला खरं कळलं ते त्या वेळी.

प्रमिला मुरब्याची मुलगी, घिवलीला दिलेली. नवरा हरेश्वर होडीवर खलाशी, हंगामात महिनोन्‌महिने गुजरातच्या बंदरांकडे. पोरीचे दोन गर्भ गेले. तपासण्या झाल्या तेव्हा कुठल्याशा दवाखान्यात तिच्या रक्तात गुप्तरोगाची खूण निघाली आणि तिथल्या डॉक्टरनं ते घरच्यांच्या देखत सांगितलं. मग काय विचारता! बंदरांबद्दल किनाऱ्यावर जे बोललं जातं ते सगळं हरेश्वरच्या नावावर जमा झालं. तो शपथा घेऊन सांगत होता की मी असं काही केलेलं नाही. पण भांडण मिटावं म्हणून त्यानं बायकोबरोबर निमूट इंजेक्शनं घेतली, आणि तिथंच फसला. गुन्हा नव्हता तर सुया का टोचून घेतल्या, असं गाव म्हणू लागलं. त्याचं स्वतःचं रक्त तपासलं ते साफ निघालं. त्यावरही उत्तर तयार होतं: इंजेक्शनं घेतलीत, आता कशाला निघेल?

वर आणखी एक झालं. वैशाखात प्रमिलाला ताप येई, गाल लाल होत, केस गळत. पाऊस सुरू झाला तसा बाप तिला माहेरी घेऊन आला आणि पोरगी माहेरी सुधारली. नवऱ्याच्या घरापासून लांब गेली आणि बरी झाली, याहून मोठा पुरावा बापाला कशाला हवा होता? त्यानं काडीमोड मागितली. बाईंकडे ती आली ती नुसती पाय सुजतात म्हणून, आईबरोबर.

बाईंनी नेहमीचा प्रश्न विचारला. काल काय केलंस? घरात बसले, पाऊस हाय ना. परवा? घरातच. बाईंचं समाधान होईना. "आणि वैशाखात काय करत होतीस?"

"बोंबील सुकवायची. घिवलीला आमच्या वलांड्या हायत."

वलांडी म्हणजे बोंबील सुकवायला बांबूंना ताणून बांधलेल्या दोऱ्या. तिथं बाया सकाळपासून उन्हात उभ्या असतात. बाईंनी विचारलं, ताप कधी यायचा? कामाच्या दिवसांच्या रात्री. मळभ आलं, सुकवणी बंद राहिली, की? मग नाय यायचा. बाईंनी पेन खाली ठेवलं. पोरीला नवरा बाधत नव्हता, ऊन बाधत होतं. नवऱ्याच्या घरी ऊन होतं आणि माहेरी पाऊस, एवढाच काय तो फरक. आणि ज्या तपासणीवरून हे रामायण घडलं ती ल्यूपसमध्ये गुप्तरोग नसतानाही त्याची खूण दाखवते, गर्भही त्यातच जातात.

थर्मास माझ्याकडे आला. मला पेशी सापडली. लघवीत प्रोटीन जात होतं, म्हणजे आजार किडनीत शिरला होता. गुप्तरोगाची पक्की तपासणी मुंबईला होत असे, त्यासाठी रक्त पाठवलं. पण नारळी पौर्णिमा तोंडावर आली होती. एकदा होड्या दर्याला लागल्या की पुरुष गावात सापडत नाहीत, म्हणून दोन्ही गावच्या जमातीनं, म्हणजे मच्छीमारांच्या पंचायतीनं, त्याआधीच बैठक ठेवली होती.

बाई बैठकीला गेल्या आणि मला सोबत ओढून नेलं. देवळाच्या मंडपात पुरुष बसलेले, बायका बाहेर. प्रमिला आईच्या मागे. हरेश्वर एका खांबाला टेकून, मान खाली. जमातीचे पाटील म्हणजे एक वयस्क तांडेल, आयुष्यभर होडी हाकलेला माणूस. त्यांनी बाईंचं बोलणं शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "उन्हानं होतं म्हनता. मग आमच्या सगल्या बाया उन्हातच असतात की."

"सगळ्यांना नाही होत. हिला होतं."

"आन् या पोरानं रोग नाय आनला?"

"नसावा."

मंडपात कुजबुज झाली. प्रमिलाचा बाप उठून उभा राहिला. "नसावा बोलतात बाई! नाय असं नाय बोलत!"

पाटलांनी हात वर केला. मध्ये पाटावर नारळ ठेवला होता. त्यावर हात ठेवून बोललेलं जमातीत शेवटचं धरतात. "बाय," ते म्हणाले, "नारलावं हात ठेवा आन् बोला, नाय. आमी मानतो. इथंच मिटवतो."

मला वाटलं, सुटलो. एक शब्द बोलायचा होता. तोही बहुतेक खराच होता. मी बाईंकडे बघत होतो आणि मनातल्या मनात म्हणत होतो, ठेवा हात, बाई, ठेवा एकदाचा. हरेश्वरनं पहिल्यांदा मान वर केली होती.

बाईंनी हात ठेवला नाही.

"मुंबईचा निकाल आलेला नाही," त्या म्हणाल्या. "तोवर मी नारळावर हात ठेवून खोटं बोलणार नाही. पण तुम्हाला एक सांगते. उद्यापासून मी या पोरीला एक औषध देणार आहे. माझा अंदाज बरोबर असेल तर ती सावरेल. चुकला असेल आणि आत दुसराच रोग लपलेला असेल, तर याच औषधानं तो उसळेल आणि ती मरेल. पूर्वी माझ्या हातून एक माणूस असा अधू झालाय. हे माहीत असून मी औषध देते आहे. माझं ‘नसावा’ एवढ्या वजनाचं आहे. त्याहून जास्त माझ्याकडे नाही."

हरेश्वरनं मान पुन्हा खाली घातली. मला बाईंचा मनस्वी राग आला. एका माणसाचा संसार बुडतोय आणि या आपल्या जिभेचं सोवळं सांभाळतायत, असंच मला वाटलं.

पाटील बापाकडे वळले. "तांडेल होडी काढतो तवा वाऱ्याची शपथ घेतो काय रं? येल असं वाटतं, बोलतो. आन् काढतो होडी. आपली पोरं त्याच होडीत बसतात." मग बाईंना म्हणाले, "निकाल येवंदे. तवर सोडचिठ्ठी नाय. हा पोरगा दर्याला जानार नाय. हितंच राहील."

खलाशानं नारळी पौर्णिमेनंतर किनाऱ्यावर बसायचं, ही काही लहान गोष्ट नव्हे. हरेश्वर बसला. निकाल आला तो स्वच्छ होता. गुप्तरोग नव्हता, कधीच नव्हता. बाईंनी तो कागद माझ्या हातूनच पाटलांकडे पाठवला, स्वतः गेल्या नाहीत. तोवर प्रमिलाच्या पायांची सूजही उतरली होती. ती घिवलीला परत गेली.

पुढचं सोपं नव्हतं. किनाऱ्यावरच्या घरात सून सुकवणीला उभी राहणार नाही, सावलीत बसेल, हे सासूच्या गळी उतरायला फार वेळ लागला. हरेश्वरनं आईशी भांडण काढलं आणि बायकोला घरात जाळी विणायला बसवलं. गावात त्याची टिंगल झाली. मूल झालं नाही. गोळ्यांनी प्रमिलाचा चेहरा सुजे, कमी केल्या की सांधे धरत. महिन्याच्या महिन्याला ती बाईंकडे येई आणि लघवीची बाटली माझ्याकडे. काही वर्षं बरी गेली. मग किडन्यांनी दगा दिला. यंत्रावर रक्त शुद्ध करून जगवायची सोय तेव्हा मुंबईत होती, पण घिवलीच्या माणसाच्या आवाक्यात नव्हती. शेवटच्या आठवड्यात बाई रोज घिवलीला जात होत्या.

ती गेल्यावर दिवसकार्य झालं, त्यानंतर बाई आणि मी हरेश्वरला भेटायला गेलो. मी तेव्हा लॅब विकून पुण्याला मुलाकडे निघालो होतो, सामान बांधून तयार होतं. जीपमध्ये बाई एकदाच म्हणाल्या, "किडन्या निकामी होतायत हे मला आधी दिसायला हवं होतं." सगळे रिपोर्ट माझ्याच हातचे होते, आणि त्यांत ते आधी दिसलं असतं असं मला वाटत नव्हतं.

हरेश्वर ओट्यावर बसला होता. आम्हाला बघून उठला, आत नेलं. मग म्हणाला, "वाचली नाय, बाय. पन नांदली. माज्या घरात नांदली."

बाईंनी मान हलवली. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते पुसायचं त्यांना सुचलं नाही.

भिंतीवर लग्नातला फोटो होता, त्यावर हार घातलेला. हरेश्वरनं तो काढून बाईंच्या हातात दिला. फोटोत गोल चेहऱ्याची, हसरी, जाडजूड वेणीत अबोली माळलेली एक मुलगी हरेश्वरच्या शेजारी उभी होती. बाई फोटोकडे बघत राहिल्या. मग मला म्हणाल्या, "लॅबवाले, इतकी वर्षं मी हिला तपासत होते. ही रस्त्यात समोर आली असती तर मी हिला ओळखलं नसतं."

"अशीच होती ती," हरेश्वर म्हणाला.

मला जीप परत करायची होती. बाई म्हणाल्या, तुम्ही व्हा पुढे, मी एसटीनं येईन. मी निघालो तेव्हा त्या चटईवर बसलेल्या होत्या, फोटो मांडीवर होता, आणि त्या हरेश्वरला विचारत होत्या, आजारी पडण्याआधी ती कशी बोलायची, कशी हसायची. तो सांगत होता.